अंगठा न लावता

येरवड्याच्या मैदानात चौदाव्या ग्रीनला पोक आहे.
डोळ्याला दिसत नाही, तळपायाला कळतं.
एकतीस वर्षं पिशव्या वाहतोय त्याच्यावरून.

खंबाटा बाईंनी नाणं ठेवून खूण केली, बॉल उचलला,
मी तो ओल्या फडक्यानं पुसून दिला.
बाई एक्क्याहत्तरच्या. डावा गुडघा बदललेला.
त्या वाकल्या तेव्हा मी जांभळीकडं बघत राहिलो,
वाकताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही.
बॉल ठेवला. बोटं सोडवली.
तो थांबलाच नाही,
आळस देत उठल्यासारखा नाल्याच्या बाजूला निघाला.

"पुन्हा," मी म्हणालो.
पुन्हा ठेवला. पुन्हा निघाला.

राजेशिर्के साहेब पटरवर रेलून उभे होते,
कधीकाळी कमिशनर, आज वीस रुपयांची पैज.
"जरा दाबा की बाई. गवतात रुतेल. कोण बघतंय?"
मी बघत होतो. तसं म्हणालो नाही.
म्हणालो, "दाबायचा नसतो साहेब."

नियमांचं पुस्तक मला वाचता येत नाही.
मला तो मुकिंदा भिसेनं शिकवला,
शेडच्या मागं, मातीत काडीनं रेघ मारून:
ठेवायचा, हात सोडायचा.
नाही राहिला, तर परत तिथंच ठेवायचा.
परतही नाही राहिला,
तर जवळात जवळ, जिथं राहील तिथं.
भोकाच्या दिशेला मात्र केसभरही नाही.
आणि दंड नाही.
हे शेवटचं तो दोनदा सांगायचा,
कारण ऐकणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही.

लोहगावहून दोन फायटर डोक्यावरून गेली.
तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मला आमचा प्रशिक आठवला.

त्याला मी चाकणला ठेवला होता, कंपनीत, ओळखीनं.
तीन महिन्यांत घरी.
मग हिंजवडीला, काचेच्या इमारतीत, रात्रपाळीला.
एका पहाटे दारात उभा, बूट हातात.
म्हणाला, बाबा, तिथं श्वास पुरत नाही.
तेव्हा मला नियम तोंडपाठ होता.
तरी अंगठा लावला मी.
पाटीलबुवांच्या पोराचं उदाहरण, आईची औषधं,
माझे हे दोन खांदे उघडे करून दाखवले,
होता नव्हता तेवढा जोर लावला.
तो गेला परत. अकरा दिवस.
त्या अकरा दिवसांचं तो अजून सांगत नाही.

बाईंनी वीतभर मागं, चढाच्या अंगाला,
जागा चाचपली. तिथं नाही.
आणखी चार बोटं.
बॉल ठेवला, हात काढला.
बसला.
मांजर बसतं तसा, आपल्या मनानं.

"लांब पडलं," साहेब म्हणाले.
"पडू दे," बाई म्हणाल्या,
आणि मारला, आणि भोकाच्या ओठाला चाटून तो पुढं गेला,
आणि बाईंनी पर्समधून वीसची नोट काढली,
घडी घातलेली, जणू सकाळीच वेगळी ठेवलेली.

परतताना मी विश्रांतवाडीत उतरलो.
मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दामच.
प्रशिक तिथं माशांच्या दुकानात असतो,
पगार चाकणच्या निम्म्याला जरा वर.
पायरीवर उभा राहून बघितलं, हाक मारली नाही.
नवा माल आला होता. फुगलेल्या पिशव्या, आत नारिंगी मासे.
गिऱ्हाईक घाई करत होतं, ओत की पटकन.
प्रशिक म्हणाला, नाही काका,
पिशवी आधी तशीच पाण्यावर सोडायची,
पाव तास तरी. मग गाठ सोडायची.
जाईल तो बाहेर, त्याचा तो.

काका घड्याळ बघत बसले.
मीही बसलो, बाहेर, स्कूटरच्या सीटवर.